एका गळ्यावर दोन संसार : नाटकात गायचं आणि क्लासही घ्यायचा, तर

दरवर्षी विशारद झालेल्या मुलींपैकी एखादी तरी माझ्या क्लासच्या दारात घुटमळते. बाकीच्या गेल्या की तानपुऱ्याला गवसणी घालता घालता विचारते, "ताई, मला हेच करायचंय. नाटकात गायचं आणि शिकवायचंही. जमेल का?"

जमतं. मी १९९४ पासून संगीत नाटकात काम करते आहे. 'सौभद्रा'तली सुभद्रा अनेक वर्षं केली, पुढे रुक्मिणी केली. मिरजेत घरच्या माडीवर क्लास सुरू केला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दारात उभ्या उभ्या जे सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहिते. मी बाई आहे आणि संगीत नाटकातली आहे, म्हणून उदाहरणं तिथली येतील. कीर्तनात, मैफलीत किंवा शाळेत गाणाऱ्यालाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गळा गाण्याने जितका बसतो त्याहून जास्त बोलण्याने बसतो. इतक्या वर्षांत माझा आवाज एकदाच पार गेला. गेला भर प्रयोगात, पण त्याचं कारण क्लासात घडलं होतं. ते पुढे सांगते.

आधी आपली पट्टी

मुली येतात त्या मोबाइलवर ऐकलेल्या एखाद्या गायिकेची पट्टी घेऊन. मुलगे तर त्याहून हट्टी. 'काळी दोनमध्येच गाणार' म्हणून शिरा ताणत बसतात. (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या अशा मोजतात, आणि जिच्यावर आपला षड्ज, म्हणजे 'सा', धरायचा ती आपली पट्टी.) पट्टी ही चपलेच्या मापासारखी आहे, दुसऱ्याची घालून लांब चालता येत नाही.

शोधायची कशी? सकाळी उठल्या उठल्या नको, तेव्हा आवाज खाली असतो. चहा-नाश्ता होऊन तासभर झाला, घरात चार शब्द बोलून झाले, की पेटीजवळ बसा. फोनवर समोरच्याचं ऐकताना आपण 'हं… हं…' म्हणतो ना, तसंच सहज म्हणा. जो सूर निघेल तो पेटीवर शोधा. तो तुमचा बोलण्याचा सूर. बायकांचा तो बरेचदा सफेद पाचच्या आसपास सापडतो. आता त्याच्या जवळच्या दोन-तीन पट्ट्या घ्या आणि प्रत्येकीत मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला 'प') तार पंचमापर्यंत (वरच्या सप्तकातला 'प') आकारात सावकाश चढा-उतरा. मंद्र पंचम नुसता लागून भागत नाही. त्या सुरावर "आई, जेवलीस का?" एवढं वाक्य स्पष्ट बोलता आलं पाहिजे. तार पंचमावर चार मात्रा थांबता आलं पाहिजे, हनुवटी वर न जाता. दोन्ही जमेल ती पट्टी तुमची.

नाटकासाठी त्याच्याही अर्धा स्वर खाली या. मी बैठकीत सफेद सहात गायचे आणि नाटकात काळी चारात. बैठकीत आपण मांडी घालून बसलेलो असतो, पाण्याचं भांडं हाताशी असतं. नाटकात रात्री साडेअकराला, तिसऱ्या अंकात, नऊवारी आणि गंगावन सांभाळत, दोन तास संवाद बोलून झाल्यावर तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', लावायचा असतो. काळी चारचा मधला षड्ज लावला की स्वरतंतू सेकंदाला साधारण २०८ वेळा एकमेकांवर येतात. तार षड्जाला ४१५ वेळा, तार पंचमाला सहाशेच्याही वर. एका पदात हे किती वेळा होत असेल, हा हिशेब डोक्यात ठेवला की अर्ध्या स्वराचं मोल कळतं.

नायकाची पट्टी वेगळी असते हेही लक्षात ठेवा. आमच्याकडे नायक बहुतेक काळी एकचे. ऑर्गनवाल्याला काही अडचण नाही, त्याची बोटं सरकतात. तबलजीला मात्र तबल्याचा सूर उतरवायचा-चढवायचा म्हणजे वेळ लागतो आणि प्रयोगात तो वेळ नसतो. मोठ्या कंपनीबरोबर दोन-तीन तबले असतात. हौशी मंडळींकडे पुष्कळदा एकच, काळी एकला लावलेला. काळी चारला गाणाऱ्या बाईचा तो मध्यम, म्हणजे 'म', होतो. तबला मध्यमात वाजत असताना आपला षड्ज घट्ट धरून गाणं याची सवय नसेल तर पहिल्याच पदात पाय घसरतो. म्हणून घरी रियाझाला आठवड्यातून एकदा तरी तबल्याचं ॲप मुद्दाम मध्यमात लावून गा.

पद बोलता आलं पाहिजे

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' रंगभूमीवर आलं १८८२ साली. मूळ संहितेत शंभरावर पदं आहेत. इतकी पदं कशासाठी असतील? प्रेक्षकांना तेव्हा गाणं आवडायचंच, पण त्या पदांमधून भांडणं होतात, निरोप जातात, थट्टा होते, रुसवा निघतो. आज आपण त्यातली निवडक घेऊन तीन तासांत नाटक बसवतो. घेतलेली सगळी पदं तरी बोलल्यासारखी पोचलीच पाहिजेत.

मी पद कसं बसवते ते सांगते. पहिल्या दिवशी ते वहीत हाताने उतरवून काढायचं. फोटो काढून चालत नाही, कारण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ हातातून जातं. मग लाल पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करायच्या. श्वासाची जागा वाक्यावरून ठरवा. तानेवरून ठरवली की शब्द मधोमध मोडतो आणि मागच्या रांगेतल्या आजोबांना अर्धाच शब्द मिळतो. पुढचा आठवडाभर ते पद गायचं नाही. भाजी निवडताना, जिना चढताना, संवाद म्हणतात तसं बोलायचं. रागावून बोला, लाजून बोला, कुणाला तरी खोडी काढत बोला. आठवड्यानंतर तेच एका सुरावर, नुसत्या षड्जावर बोला. मगच चालीत घ्या. आमच्या क्लासात चालीत घ्यायच्या आधी मुली इतक्या उतावीळ झालेल्या असतात की पहिल्यांदा गातात तेव्हा त्यात आपोआप जीव येतो.

उच्चारांची तालीम इथेच होते. चंद्रातला 'च' आणि चांदण्यातला 'च' एकच आहे असं हल्ली मुलांना वाटतं. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा', दोन्हींत 'ज' वेगळा. जुन्या पदांत संस्कृत शब्दांची गर्दी असते, तिथे ही चूक कानाला फार बोचते. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतली मुलं 'ळ' गाताना 'ल'कडे झुकतात. त्यासाठी वेगळा व्यायाम नको. 'काळा कावळा, पिवळा पळस' एवढंच मंद्र सप्तकात दहा वेळा, सावकाश. जीभ मागे वळायला लागते.

आता अवघड भाग. संवाद संपतो आणि पद सुरू होतं तो सांधा.

सुरुवातीला मी काय करायचे, तर वाक्य संपवायचे, थांबायचे, ऑर्गनचा सूर ऐकायचे आणि मग तोंड उघडायचे. त्या दोन सेकंदांत सुभद्रा निघून जायची आणि तिच्या जागी परीक्षेला बसलेली मुलगी उभी राहायची. गुरुजींनी तालमीत मला थांबवलं आणि म्हणाले, "शेवटच्या तीन शब्दांचा सूर आधी ठरव, पदाचा नंतर." त्या दिवशी आम्ही दीड तास एकाच वाक्यावर होतो. ऑर्गनवाले काका वाक्याच्या मध्यावर, अगदी हळू, नुसता षड्ज धरायचे. मी बोलत राहायचे. शेवटून तिसरा शब्द बोलण्याच्याच सुरात, दुसरा किंचित वर, आणि शेवटचा शब्द षड्जाच्या इतका जवळ ठेवायचा की तिथून पदाचं पहिलं अक्षर म्हणजे पुढचं पाऊल वाटावं. गाणं सुरू झालं हे प्रेक्षकाला एक ओळ गेल्यावर कळलं पाहिजे. घरी सराव करताना मोबाइलवर तानपुरा अगदी बारीक आवाजात लावा, वाक्य बोला, पदाची पहिली ओळ गा, थांबा. पुन्हा वाक्य. रोज वीस वेळा. पूर्ण पद गाण्यापेक्षा हे वीस वेळा करणं जास्त कामाचं.

वन्समोअरबद्दल ऑर्गनवाल्याशी आणि तबलजीशी रंगभूषा होतानाच बोलून ठेवा. माझा नियम असा की पहिल्या दोन अंकांत वन्समोअर आला तर घ्यायचा आणि दुसऱ्यांदा पद लहान करायचं, ध्रुवपद आणि एकच अंतरा. शेवटच्या अंकात फक्त हात जोडायचे. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी जास्त ताना घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. गळ्याची शिल्लक तिथेच संपते.

प्रयोगाचा दिवस

जेवण प्रयोगाच्या चार तास आधी, नेहमीचंच. भात, वरण, एखादी भाजी, भाकरी. नंतर भूक लागली तर केळं. दौऱ्यावर रात्री एक वाजता वडे-मिसळ खाऊन बसमध्ये आडवं होणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट व्यसन आहे. पोटातलं आम्ल वर येतं, घशाशी जळजळतं आणि सकाळी आवाज जाड येतो. लोक त्याला जागरण म्हणतात. जागरण असतंच, पण निम्मा दोष त्या वड्याचा.

पाणी दिवसभर घोटघोट प्या. प्रयोगाच्या आधी तांब्याभर पिऊन काही होत नाही, कारण गिळलेलं पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही. ते अन्ननलिकेतून पोटात जातं आणि शरीरात मुरल्यावर तंतूंना ओलावा मिळतो. थेट ओलावा हवा असेल तर साध्या पाण्याची वाफ, बाम न घालता, पाच मिनिटं. ज्येष्ठमध, खडीसाखर तोंडात धरली तर लाळ सुटते आणि बरं वाटतं. त्यावर माझा विश्वास तेवढ्यापुरताच आहे. बसलेला गळा ज्येष्ठमधाने उघडत नाही.

गळा तापवायला मी अलीकडे एक साधी गोष्ट करते. अर्धा पेला पाणी, त्यात शीतपेयाची नळी दोन बोटं बुडवायची आणि नळीतून 'ऊ' काढत बुडबुडे करायचे, मधल्या षड्जापासून वर-खाली घसरत. पाच मिनिटांत गळा हलका होतो आणि मेकअप रूममध्ये कुणाला त्रासही होत नाही. ओंकार, खर्ज (अगदी खालच्या सुरांचा रियाझ) हे सकाळचं काम. संध्याकाळी खर्ज भरत बसलात तर तार सप्तक जड येतं.

माइकबद्दल दोनच सूचना. नाट्यगृहात पोचल्यावर साडी नेसण्याआधी रंगमंचावर जा आणि वरून टांगलेले माइक कुठे आहेत ते पाहून घ्या. सगळ्यात नाजूक पद त्या माइकखाली यावं अशी हालचाल दिग्दर्शकाशी बोलून ठरवा. आणि ऑर्गनचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय का ते पदाच्या पहिल्या ओळीवर तपासून घ्या, 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणून काही कळत नाही. सूर ऐकू आला नाही की माणूस न कळत ओरडतो.

क्लास : खरी झीज इथे होते

२००९ चा डिसेंबर. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात पायऱ्यांवर माझी मुलं बसलेली. दिवसाला सहा-सहा बॅच. पेटी वाजते आहे, वर पंखा, खाली रस्त्यावर रिक्षा, पंधरा मुलं एकदम गाताहेत आणि मी त्या सगळ्याच्या वर आवाज चढवून सांगते आहे : "कोमल! कोमल गंधार!" प्रत्येक चूक गाऊन दाखवायची, प्रत्येक तान बरोबर म्हणायची. असे तीन आठवडे गेले. आवाज थोडा घोगरा होता. म्हटलं परीक्षा झाल्या की बघू.

त्याच आठवड्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या उत्सवात प्रयोग होता. गोव्यात गावोगावी उत्सवात संगीत नाटक होतं. गावातलीच मंडळी पुरुषांच्या भूमिका करतात आणि गाणाऱ्या स्त्री-कलाकार पुष्कळदा बाहेरून बोलावतात. पडदा उघडायलाच अकरा वाजले. पहिला अंक निभावला. दुसऱ्या अंकात तार षड्जाला गेले आणि तिथे सूरच नव्हता, नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. समोर देवळाच्या अंगणात माणसं दाटीवाटीने बसलेली, त्यांत कितीतरी जणांना ते पद माझ्याहून जास्त पाठ. मी गाणं सोडलं आणि पद बोलायला लागले. मधल्या सप्तकात, षड्जाच्या आधाराने, ज्या तऱ्हेने आठवडाभर भाजी निवडताना बोलले होते त्याच तऱ्हेने. ऑर्गनवाल्यांनी ओळखलं आणि चाल त्यांनी वाजवली. पद पुरं झालं. टाळ्या पडल्या, पण मी विंगेत जाऊन रडले.

मिरजेत परतल्यावर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं. तंतू जिथे सगळ्यात जास्त आदळतात तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो रियाझाचा नव्हता. "दिवसाचे किती तास बोलता?" मी मोजलं. नऊ. त्यात गाणं धरलेलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं नाही. आवाजाच्या व्यायामाने आणि विश्रांतीने गाठी विरल्या, तीन महिने लागले. सुरुवातीचे दिवस पूर्ण मौन होतं. कुजबुजायचीही बंदी होती, कारण जोर लावून कुजबुजलं तरी गळ्यावर ताण येतोच. त्या तीन महिन्यांत न बोलता शिकवायचं कसं ते मी शिकले. म्हणून तुम्हाला सांगते, क्लास सुरू करताना पहिल्या दिवसापासून असं करा.

पेटी वाजत असताना बोलू नका. बोलायचं असेल तेव्हा पेटीचा भाता सोडा, सगळं शांत होऊ द्या, मग हळू बोला. मुलं हळू बोललेलं जास्त ऐकतात. थांबवायला एक टाळी, पुन्हा म्हणायला दोन, एवढ्या खुणा मुलं दोन दिवसांत शिकतात. चूक दाखवताना गाऊ नका. पेटीवर चुकीचा सूर आणि बरोबरचा सूर वाजवा आणि विचारा, "यातला तू कोणता गायलास?" त्याला स्वतःला ओळखता आलं की ती चूक परत होत नाही. तुम्ही दहादा गाऊन दाखवलीत तर तो तुमची नक्कल करतो, कान तसाच राहतो. ज्या मुलीला ते पद आलं आहे तिला गायला लावा, बाकीच्यांनी तिच्या मागून म्हणावं. तिचा आत्मविश्वास वाढतो आणि तुमचा गळा वाचतो. बॅचमध्ये सहापेक्षा जास्त नकोत, पाऊण तास पुरे, आणि दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटं दार लावून गप्प बसा. पालकांना फोन त्या दहा मिनिटांत करायचे नाहीत. मोठी बॅच घ्यावीच लागली तर शाळेतले शिक्षक कमरेला लावतात तो छोटा स्पीकर आणि कॉलर माइक घ्या. मला सुरुवातीला त्याची लाज वाटायची. आता ज्या ज्या शिक्षिका आवाज बसला म्हणून माझ्याकडे येतात त्यांना मी पहिल्यांदा तोच घ्यायला सांगते.

हो, शिक्षिका येतात, कीर्तनकार येतात, सूत्रसंचालन करणारी मुलं येतात. आवाजाचं शिक्षण फक्त गाणाऱ्यांनाच लागतं असं समजू नका. त्यांना राग नको असतो. त्यांना तासाभराचं भाषण झाल्यावर घसा दुखायला नको असतो. त्यांच्याकडून मी गाऊन काहीच घेत नाही. बसण्याची ढब, श्वास, बोलण्याचा सूर आणि वाक्याच्या शेवटी आवाज घशात न पाडणं, एवढ्यावर सहा आठवडे काम करते. मिळकतीच्या दृष्टीनेही हा भाग मोठा आहे, आणि दुपारी, मुलं शाळेत असताना, करता येतो.

मुलग्यांबद्दल एक कळकळीची गोष्ट. बारा-तेरा ते पंधरा या वयात कधीतरी मुलाचा आवाज फुटतो. काल काळी पाचला गाणारा मुलगा आज मध्येच चिरकतो, बॅचमधली मुलं हसतात आणि तो यायचा बंद होतो. मी असे दोन चांगले गळे गमावले, कारण मला तेव्हा वाटायचं की फुटलाय तोवर बसू दे घरी. घरी बसलेला मुलगा परत येत नाही. आता मी आवाज फुटल्याची पहिली खूण दिसली की त्याला वेगळ्या वेळी बोलावते. पाच-सहा सुरांत मावेल तेवढंच गायचं, जे लागेल ते. जोर अजिबात नाही. उरलेल्या वेळात तबला, लय, लेखन, राग ऐकून ओळखणं. दर पंधरा दिवसांनी नवी पट्टी शोधायची आणि वहीत तारखेसह लिहायची. एका मुलाची पट्टी आठ महिन्यांत काळी पाचावरून काळी एकपर्यंत खाली आली. त्या वहीतला उतरता जिना तो स्वतः सगळ्यांना दाखवायचा. हसणं तिथेच थांबलं.

पालकांशी पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात म्हणून बरेच जण पाठवतात. त्यात गैर काही नाही. फक्त परीक्षेचा अभ्यास आणि गाणं यांतला फरक त्यांना समजावून सांगा आणि वर्षाला एखादी परीक्षा याहून घाई करू नका. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, मुलाचा असो की तुमचा, तर काढे थांबवा आणि डॉक्टरांना घसा दाखवा.

परदेशातल्या मराठी मुलांचे ऑनलाइन क्लास मी करते. मोबाइलवर दोघांना एकत्र गाता येत नाही, आवाज उशिरा पोचतो आणि लय तुटते. तेव्हा तानपुरा त्यांच्या बाजूला वाजवायचा, त्यांनी गायचं, आपण ऐकायचं, मग आपण. ॲपमध्ये आसपासचा आवाज गाळायची सोय असते, ती बंद करायला सांगा. नाहीतर ते ॲप तानपुऱ्यालाच गोंगाट समजून गाळतं आणि लांब धरलेला सूर मध्येच गिळतं.

पैसे आणि आठवडा

नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, आधी ठरवा आणि ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या : नाइट किती, प्रवास कुणाचा, राहणं कुठे, प्रयोग रद्द झाला तर काय. पहिली नाइट मला ७५ रुपये मिळाली होती, पाकिटात, पडदा पडल्यावर लगेच. नंतर एका आयोजकांनी पाच प्रयोगांचे पैसे 'हिशेब झाला की देतो' म्हणून कधीच दिले नाहीत. मागायला गेले तर 'तुम्ही कलाकार, पैशाचं काय घेऊन बसलात' असं ऐकवलं. त्याचा राग अजून आहे. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी आल्याशिवाय तारीख पक्की करत नाही.

संगीत नाटकाचं काम बारमाही नसतं. नवोदितांनी राज्य संगीत नाट्य स्पर्धेत एखाद्या संस्थेकडून उतरावं, तिथे दिग्दर्शक आणि ऑर्गनवाले बघतात. मग गणेशोत्सव, दिवाळी पहाट, पाच नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाचे कार्यक्रम, हिवाळ्यात गोव्या-कोकणातले उत्सव. क्लासमुळे घर चालतं आणि प्रयोगामुळे क्लासात सांगायला काहीतरी राहतं. आठवडा असा बांधा : शनिवार-रविवार प्रयोग, मंगळवार ते शुक्रवार क्लास, सोमवारी मौन. सोमवारी मी फोन घेत नाही, भाजीवाल्याला बोटाने दाखवते. घरच्यांची सवय व्हायला वर्ष गेलं. पालकांना फी भरतानाच सांगा की महिन्यातला एखादा वार दौऱ्यामुळे बुडेल आणि तो अमुक दिवशी भरून निघेल. आधी सांगितलं की कुणी कुरकुर करत नाही.

वय

हे शेवटी लिहिते आहे, पण विशीतच वाचून ठेवा. पाळी जाण्याच्या सुमारास बाईचा आवाज बदलतो. जाड होतो, खाली येतो, तार सप्तकातले सूर आधी सुटतात. मला पन्नाशीत ते कळलं आणि सहा महिने मी कुणाला सांगितलं नाही. जुन्याच पट्टीत ओढत राहिले. मग एके दिवशी क्लासात मुलाची पट्टी शोधतात तशी स्वतःची शोधायला बसले. 'हं… हं…' म्हटलं, पेटीवर बोट ठेवलं. काळी तीन.

तानपुऱ्याच्या तारा बदलायला सतारमेकर गल्लीत गेले. तिथल्या कारागिराने काही न विचारता खुंट्या सैल केल्या, नव्या तारा चढवल्या, जवारी लावून दिली. घरी येऊन सगळी पदं पुन्हा बसवली. काही सोडली. सुभद्रा तर आधीच सोडली होती. रुक्मिणीच्या पदांतल्या दोन ताना मध्य सप्तकात आणल्या आणि त्या जास्त शोभल्या असं ऑर्गनवाल्यांनीच सांगितलं.

नव्या पट्टीतला पहिला प्रयोग हौशी मंडळींबरोबर होता. तबला एकच, नायकासाठी काळी एकला लावलेला. मी सवयीने तबलजींना म्हणाले, "मला मध्यमात वाजणार ना?" त्यांनी शाईवर बोट ठेवून एकदा वाजवला आणि म्हणाले, "काळी तीन झाली ना ताई? मग हा तुमचा पंचम."

मी षड्ज लावला. खालून पंचम आला.